‘डेडलॉक लावूनही व्हॅन फुटली’ या एक तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. फुटलेल्या काचेचे फोटो पाहून वाईट वाटलं. चिडून एक तारा दिलात, त्यावर आमची तक्रार नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून सरकत्या आणि मागच्या दरवाजांना डेडलॉक (कंपनीच्या कुलपाशिवायचं जादा कुलूप) बसवून घेतले, अलार्मही बसवला, तरी शहरात रस्त्याकडेला लावलेल्या, झोपायची सोय असलेल्या व्हॅनची ड्रायव्हरकडची काच फोडून चोरट्याने सीटवरून लॅपटॉप आणि कॅमेऱ्याची बॅग नेली. अलार्म वाजला नाही. सबब कुलपं निकामी, पैसे परत द्या.

पैसे परत मिळणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. कारण मात्र सविस्तर लिहितो, कारण हा रिव्ह्यू वाचून आणखी कोणी ‘डेडलॉकचा काही उपयोग नाही’ असं ठरवलं तर त्याचं नुकसान होईल.

तुम्हीच टाकलेला सरकत्या दरवाजाचा फोटो जरा मोठा करून पाहा. वरची कड बाहेर वाकली आहे आणि चौकटीजवळ पहारीसारख्या कशाने तरी रंग खरवडला गेला आहे. अशा व्हॅनवर ही चोरट्यांची नेहमीची पद्धत. कंपनीचं मूळ कुलूप दरवाजा साधारण मधल्या उंचीवर धरतं, वरच्या कोपऱ्याला फारसा आधार नसतो. तो कोपरा धरून ओढला की पत्रा वाकतो आणि आत हात जाईल एवढी फट पडते. डेडलॉकची आकडी मूळ कुलपापासून वेगळ्या जागी, वेगळ्या किल्लीवर चालते. म्हणून तुमचा पत्रा वाकला, पण दरवाजा सरकला नाही. ‘मागचं सामान जागच्या जागी होतं’ हे वाक्य तुमच्याच रिव्ह्यूत आहे. बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सायकली, सगळं. चोरट्याने आधी तिकडे हात घातला, जमलं नाही, आणि मग तो काचेकडे वळला.

केबिनच्या काचेचं गणित वेगळं आहे. समोरची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, त्यामुळे ती तडकली तरी चौकटीत टिकून राहते. बाजूच्या काचा बहुतेक व्हॅनमध्ये टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात. टोकदार वस्तूचा एक नेमका फटका बसला की पूर्ण काचेचे बारीक तुकडे होऊन खाली पडतात. जखम कमी व्हावी म्हणून त्या तशा बनवतात, आणि चोराला नेमका त्याचाच फायदा होतो. यावर सेफ्टी फिल्म, म्हणजे काचेवर चिकटवायचा पारदर्शक पापुद्रा, हा उपाय आहे. कोटेशनमध्ये ती होती, तुम्ही ती रद्द केलीत. त्यात काही गैर नाही, बरेच जण तसंच करतात, पण मग त्या काचेची जबाबदारी डेडलॉकवर टाकता येत नाही. आणि फिल्म काच फुटण्यापासून वाचवत नाही. फुटलेली काच ती धरून ठेवते आणि चोरट्याला पुन्हा पुन्हा लाथा घालाव्या लागतात. रस्त्यावरच्या भुरट्या चोराला आवाज आणि वेळ या दोनच गोष्टी परवडत नाहीत. (कोणाकडूनही बसवा, पण फिल्म कडेपर्यंत, चौकटीला धरून बसवून घ्या. नुसती दिसणाऱ्या भागावर चिकटवली तर अख्खी फुटकी काच एका ढकलीत आत येते.)

आता अलार्म. ‘नेहमीप्रमाणे रात्रीचं बटण दाबून गेलो’ असं तुम्ही लिहिलं आहे. रात्रीच्या मोडमध्ये आतल्या हालचालीचा सेन्सर बंद राहतो, नाहीतर झोपेत कूस बदलली तरी भोंगा वाजेल. चालू असतात ते फक्त दरवाजे आणि बॉनेट उघडल्यावर भोंगा वाजवणारे स्विच. चोरट्याने दरवाजा उघडलाच नाही, खिडकीतून हात घातला. व्हॅनमध्ये कोणी नसताना पूर्ण मोड लावायचा असतो. गाडी ताब्यात देताना आम्ही दिलेल्या कार्डावर पहिली ओळ तीच आहे.

तुम्ही विचारलं आहे, खिडक्यांना लोखंडी जाळ्या का सुचवल्या नाहीत. कारण या व्हॅनमध्ये माणसं झोपतात, आत गॅस असतो, बॅटऱ्या असतात. आग लागली तर खिडकी हाही बाहेर पडायचा रस्ता आहे. म्हणूनच झोपायच्या व्हॅनला आम्ही आतून किल्लीशिवाय उघडणारेच डेडलॉक बसवतो. बाहेरून कोणी येऊ नये म्हणून आतल्या माणसाला कोंडायचं, हे काम आमच्याकडून होणार नाही, मग त्यासाठी आणखी एक तारा गेला तरी चालेल.

स्टिअरिंग लॉक आणि ट्रॅकर ‘गळ्यात मारायला पाहत होते’ असंही म्हटलंय. ती दोन्ही अख्खी गाडी पळवण्याविरुद्धची साधनं आहेत. बॅग वाचवायला त्यांचा उपयोग नाही, हे तुमचं बरोबर.

आणि जे आमच्याकडून विकत घ्यायची गरजच नाही, तेही सांगतो. सीटवर जॅकेटखाली झाकलेली बॅगही लक्ष वेधते, कारण रिकाम्या केबिनमध्ये जॅकेट कशावर तरी टाकलेलं आहे हे कोणालाही कळतं. केबिन खरोखर रिकामं ठेवा, डॅशबोर्डचा कप्पा उघडा टाका, चार्जरची वायर काढा, फोनच्या स्टँडचा काचेवरचा गोल डागसुद्धा पुसा. सामान हलवायचं असेल तर मुक्कामाच्या जागी पोहोचण्याआधी हलवा. गाडी लावल्यावर मागे नेऊन ठेवलेली बॅग बघणाऱ्याने बघितलेली असते. लॅपटॉप नुसता मिटू नका, पूर्ण बंद करा, कारण चालू राहिलेल्या यंत्रांचा ब्लूटूथ सिग्नल साध्या फोनवरही दिसू शकतो. भिंत असेल तर सरकता दरवाजा भिंतीकडे येईल अशी व्हॅन लावा. मागे छोटी तिजोरी बसवायची तर ती सीटच्या लोखंडी बैठकीला किंवा चॅसीला बोल्टने आवळा. प्लायवुडच्या कपाटात स्क्रूने बसवलेली तिजोरी चोरटा कपाटासकट उचलतो.

तुमच्या व्हॅनबद्दल: सरकत्या दरवाजाची कड वाकली असल्याने डेडलॉकची आकडी तिच्या खाचेत नीट बसते आहे का, हे पाहायला हवं. गाडी घेऊन या. तपासणी आणि जुळवणी आम्ही विनामूल्य करू, कारण बसवलेल्या कुलपाची ती वॉरंटी आहे. पत्रा सरळ करण्याचं काम पत्रेवाल्याकडे, ते आमचं नाही. नवी काच बसल्यावर फिल्म हवी असेल तर जुन्या कोटेशनच्या दरात लावू.

येण्याआधी एवढं करा. ओरखड्यांचे आणि वाकलेल्या कडेचे जवळून फोटो काढा, लॅपटॉप-कॅमेऱ्याचे सिरीयल नंबर शोधून पोलिस तक्रारीत लिहून घ्या आणि विम्याचे कागद वाचा. गाडीच्या विम्यात आतलं सामान धरलेलं असेलच असं नाही, ते घराच्या किंवा प्रवासाच्या वेगळ्या पॉलिसीत असू शकतं. विमा कंपनी पाहणीला येणार असेल, तर ती होईपर्यंत दरवाजाला हात लावायला आम्हालाही सांगू नका.