पेन बदललं, की मजकूरही?

देवासचे काका, संगणक आल्यानं कंपनी कायदाच बदलला, असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘ग्वाल्हेरच्या चकरा वाचल्या, बाकी कंपनी कायदा होता तोच. पेन बदललं म्हणून मजकूर बदलत नाही,’ असं तुम्ही लिहिलंत.

चकरांचं मान्य. कंपन्यांची कागदपत्रं जिथे दाखल करायची ते रजिस्ट्रारचं ऑफिस ग्वाल्हेरला, म्हणून इंदूरहून रात्रीच्या गाडीनं फायली न्यायच्या. 2006 मध्ये एमसीए21, म्हणजे ही कागदपत्रं ऑनलाइन भरायची सरकारी सोय, आली आणि ते सुटलं. तेवढ्यापुरतं पेनच बदललं.

पण एडिट लॉगचं काय? 1 एप्रिल 2023 पासून कंपनीचे हिशेब सॉफ्टवेअरवर असतील तर प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय त्यात हवीच, आणि ती बंद करता येता कामा नये. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या माझ्या एका क्लायंटकडचे मुनीमजी मार्च उलटला की जुनं व्हाउचर उघडून रक्कम ‘जमवून’ घ्यायचे. लबाडी नव्हे, सवय. आता जुना आकडा, नवा आकडा, बदलाची तारीख, सगळं मागे राहतं, आणि लॉग वर्षभर चालू होता का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. पूर्वी वही म्हणजे शेवटी उरलेला आकडा. आता खोडलेला आकडाही वहीतच धरला जातो. हा मजकूर बदलला की नाही, तुम्हीच सांगा.

बोर्डाच्या मीटिंगचंही तसंच. व्हिडिओवरून हजेरी 2013 च्या कायद्यातच होती, पण वार्षिक हिशेब मंजूर करायचे तर कोरम, म्हणजे किमान लागतील तेवढे डायरेक्टर, खोलीतच लागायचा. कोविडात सूट मिळाली आणि जून 2021 मध्ये तो नियमच गेला. शिवाय छोट्या कंपन्या सोडल्या तर प्रायव्हेट कंपनीचे शेअरही आता डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात, केल्याशिवाय विकता येत नाहीत. कपाटातलं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही.

एका जागी मात्र तुम्ही मला पकडलंत. ‘सही डिजिटल झाली, पण करतो कोण?’ खरं आहे. डायरेक्टरांच्या सहीचे पेनड्राइव्हसारखे टोकन सीएसच्या, म्हणजे आम्हा कंपनी सेक्रेटरींच्या, ड्रॉवरमध्ये पडलेले असतात, पासवर्ड चिठ्ठीवर. माझ्याही ड्रॉवरमध्ये होते. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर दोन परत करून आलो. एका शेठजींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘इसका मैं क्या करूँगा, भिया?’’