शहाळं आणू नका हो!

आज पुन्हा दोन शहाळी. ह्यांचं डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीन वाऱ्या, दर वेळी चार तास, हे आमच्या सिडकोतल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी येणारा प्रत्येक जण दारातूनच शहाळं पुढे करतो. "वहिनी, किडनी स्वच्छ होते!" अहो, त्यात पोटॅशियम असतं. ह्यांच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. इथे मी बटाटासुद्धा चिरून उकळते, ते पाणी फेकते आणि मग भाजी टाकते. दिवसाचं पाणी बाटलीत मोजून, चहाही त्यातलाच. आणि पाहुणे ह्यांच्यासमोर बसून गारेगार ताक ढोसणार, वर "एका घोटानं काय होतंय?" काय होतं ते रात्री दोन वाजता, अंगात पाणी साठून धाप लागलेल्या ह्यांच्या पाठीशी तीन उशा लावताना मला दिसतं. तुम्ही तेव्हा पंचवटीत घोरत असता.

शहाळी फेकवत नाहीत. मीच पिते, स्वयंपाकघराचं दार लोटून, चोरासारखी.

रविवारी नणंदबाई येतायत. मोसंबी घेऊन.