कल्पकता वाढवण्याचे खात्रीशीर उपाय

आपल्या कारखान्यात कामगारांनी नवनव्या कल्पना सुचवाव्यात असं वाटतंय ना? मग गेटजवळ एक सजेशन बॉक्स लावा. कुलूप दणकट हवं. किल्ली नोकरी सोडून गेलेल्या एचआरच्या मॅडमकडे राहिली असेल, तर उत्तमच.

मग टार्गेट ठरवा. टोयोटानं १९५१ साली कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत सुरू केली, तिथे खोट दिसली की लाइनवरचा साधा माणूसही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे सगळं तुमच्या भिंतीवरच्या पोस्टरवर असेलच. पोस्टर पुरे. दोरीच्या भानगडीत पडू नका. माणशी महिन्याला दोन कायझेन, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणा, विषय संपला. महिनाअखेरीस तीच जुनी टूल ट्रॉली पुढे येते. पाने-पक्कड जमिनीवर पसरून ‘आधी’चा फोटो, परत लावून ‘नंतर’चा. सगळ्यांना माहीत असतं, ऑडिटरलासुद्धा.

कोणी काही सुचवलं की पहिलं वाक्य पाठ असू द्या: ‘हे आपण आधी करून बघितलंय.’

बक्षीस म्हणून कॉफीचा मग द्या. लोगोवाला.

वर्षातून एकदा ट्रेनिंग ठेवा. ट्रेनर कोडॅकची गोष्ट सांगेलच: १९७५ साली त्यांच्याच स्टीव्ह सॅसननं डिजिटल कॅमेरा बनवला, वरिष्ठांना त्याचं कौतुक नव्हतं, २०१२ साली कंपनी दिवाळखोरीत. ‘अरेरे’ म्हणा आणि जेवायला जा.

आणि कागदपत्रं चोख हवीत. आमच्या चाकणच्या लाइनवर एक पोरगा आहे, कॉन्ट्रॅक्टवरचा. पार्ट्सची क्रेट जमिनीवर, दर पार्टला वाकायचं, शिफ्ट सुटेपर्यंत कंबरेचं वाटोळं. त्यानं मेंटेनन्सवाल्याला चहा पाजून स्क्रॅपमधल्या अँगलचा उतरता स्टँड वेल्ड करून घेतला. पार्ट घसरत हाताशी येतो. मी स्वतः शीट भरून वर पाठवली. परत आली: ‘बचत रुपयांत लिहा.’ कंबर रुपयांत कशी लिहायची? अंदाजे आकडा टाकला, तर फायनान्सची सही हवी. सही आणली, तर पोर्टलला टोकन नंबर हवा, आणि कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला टोकन नंबरच नसतो! तेवढ्यात सेफ्टीवाल्यांनी स्टँड ‘अनधिकृत’ म्हणून उचलून नेला. मग बाहेरून कन्सल्टंट आले. पोराला विचारलं, ‘इथे अडचण काय?’ त्यानं बिचाऱ्यानं हौसेनं सगळं सांगितलं, मोबाइलमधला फोटो दाखवला. परवाच्या मीटिंगमध्ये तोच स्टँड पडद्यावर! नाव काय, तर ‘ग्रॅव्हिटी फ्लो रॅक’. साहेब लोकांच्या टाळ्या. कोटेशन मागवलंय म्हणे. पोरगा त्या वेळी खाली वाकून पार्ट उचलत होता.

अहो, जराशी तरी लाज? वर तोंड करून म्हणता, ‘आपल्या लोकांना इनिशिएटिव्हच नाही.’ होता की! तुमच्या केबिनपासून चार पावलांवर उभा होता. तुम्ही त्याला फॉर्म भरायला लावलात, त्याची वस्तू उचलून नेलीत आणि त्याचीच अक्कल टायवाल्याकडून विकत घेतलीत. आता तो काही बोलत नाही. विचारलं तर म्हणतो, ‘जाऊ द्या ना सर.’ आणखी ट्रेनिंगं कसली घेताय? त्या कन्सल्टंटचं बिल पास करण्याआधी स्लाइडवर या पोराचं नाव घाला, बक्षिसाची रक्कम रोख त्याच्या हातात द्या आणि तो स्टँड सेफ्टीच्या गोडाऊनमधून आजच्या आज लाइनवर आणा. कोटेशन येईल तेव्हा येईल.