पँथिऑन नुसत्या काँक्रीटवर उभं नाही

रोमन काँक्रीट आपल्यापेक्षा सरस होतं म्हणून पँथिऑन (रोममधलं प्राचीन, घुमटाचं मंदिर) आजही उभं आहे, असं तुमच्या लेखात म्हटलंय. हे अर्धंच खरं. सिव्हिलला असताना प्राचीन रोमन बांधकाम हा ऐच्छिक विषय घेतला होता (मार्क सोपे मिळतात अशी ख्याती होती, खरं सांगायचं तर) आणि त्यातला हाच भाग सगळ्यात रंगला. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर आणि आत एकही सळई नाही! सळई नाही म्हणून गंज नाही, गंजाने फुगून काँक्रीट फुटणं नाही. शिवाय घुमट वर जाईल तसा पातळ केलाय. तळाशी जवळपास ६ मीटर जाड, वरच्या भागात खडीऐवजी प्युमिससारखा हलका दगड, आणि ऐन माथ्यावर तर उघडं भोकच. चुन्यात मिसळलेल्या ज्वालामुखीच्या राखेचं श्रेय आहेच, पण त्याच मालाचा सपाट स्लॅब सळईशिवाय टाकला तर ताण घेणार कोण?

आणि पडलेल्या रोमन इमारतींचं काय? इ.स. २७ मध्ये रोमजवळच्या फिदेनीत लाकडी अँफिथिएटर प्रेक्षकांसकट कोसळलं. रोमन इतिहासकार टॅसिटस मृत आणि जखमी मिळून ५० हजार सांगतो (आकडा फुगवलेला असेलही). कंत्राटदार अटिलियसने पाया भक्कम जमिनीवर घातला नव्हता, सांधेही कच्चे. कंत्राटदार तेव्हाही तेच!

पुढचा लेख जलवाहिन्यांवर येऊ द्या. फ्रान्समधल्या नीम शहराची रोमन जलवाहिनी सुमारे ५० किलोमीटर लांब, आणि एकूण उतार जेमतेम १२-१३ मीटर.