तुमच्या रागाचं गाणं कोणतं?

ऑफिसात माणसाला दोन गोष्टी विचारू नयेत. एक पगार, दुसरं आवडतं गाणं. पगाराचा निदान गाडीवरून अंदाज बांधता येतो. गाण्याचा बांधता येत नाही आणि बांधूही नये. रात्री अकराला भांडी विसळताना माणूस कानात काय लावतो, हे त्याच्या बायकोला नाइलाजाने माहीत असतं, तेवढं पुरे. पण मार्च उजाडला आणि एचआरच्या मॅडमचा मेल आला. विषय : 'भावनांची प्लेलिस्ट'. सोबत सगळ्यांना उघडता येईल अशी एक शीट. डावीकडे आमची नावं आणि वरच्या ओळीत आनंद, दुःख, राग, भीती, प्रेम, किळस, आश्चर्य. प्रत्येक भावनेखाली आपलं लाडकं गाणं भरायचं आणि शुक्रवारी चार वाजता कॉन्फरन्स रूममध्ये त्यातलं एखादं वाजवून 'आपली गोष्ट' सांगायची. शेवटी लिहिलं होतं, सहभाग ऐच्छिक आहे. त्याच्या खालच्या ओळीत, ज्यांची शीट रिकामी राहील त्यांची नावं बुधवारी साहेबांकडे जातील.

आता भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव सांगितलेत : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. मी सहज ताडून पाहिलं. मॅडमच्या शीटमध्ये त्यातले सात जसेच्या तसे होते. गळला होता तो फक्त उत्साह. एचआरकडून इतका प्रामाणिक कागद मी नोकरीत प्रथमच पाहत होतो.

आवडतं गाणं चारचौघांत सांगायची सवय आपल्याला नाही असं नाही. आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला माणसं पोस्टकार्डं पाठवत होतीच. विविध भारतीच्या फर्माइशींमुळे तर झुमरीतलैया नावाचं गाव देशाला पाठ झालं. पण तिथे नाव, गाव आणि गाणं एवढ्यावर भागायचं. 'हे गाणं लागलं की तुमच्या आत नेमकं काय होतं?' असं निवेदकाने कुणाला विचारलं नाही, आणि ज्याला विचारावं तो पत्र टाकून शेतावर गेलेला असायचा. शिवाय पुढच्या महिन्यात त्याचं अप्रेझल निवेदकाच्या हातात नसायचं.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. 'राग' हा रकाना उघडला की डोळ्यांपुढे गाणं येत नाही, साहेब येतात. मराठीत संतापाचं गाणं म्हटलं तर 'उषःकाल होता होता' आहे. सुरेश भटांचे शब्द, आशाबाईंचा आवाज, 'सिंहासन' चित्रपट, साल 1979. मी ते टाइप केलं आणि मग ओळीचा उत्तरार्ध मनात म्हटला. काळरात्र नेमकी कुणामुळे झाली असं साहेबांना वाटेल? डिलीट केलं. बाकीच्यांचं काय चाललंय म्हणून वर-खाली पाहिलं तर रागाचा अख्खा रकाना पांढराशुभ्र. एकाने फक्त आडवी रेघ मारली होती. दुसऱ्याने 'मला राग येत नाही' असं लिहिलं होतं. हा गृहस्थ पार्किंगमध्ये रोज सुरक्षारक्षकाशी भांडतो.

'प्रेम' तर त्याहून अवघड. ऑफिसात प्रेमाचं कुठलंही गाणं लिहा, लोक तुमच्याकडे न बघता तुमच्या शेजारच्या खुर्चीकडे बघतात. अशा वेळी मराठी माणूस जे करतो तेच आम्ही केलं आणि 'शुक्रतारा मंद वारा' लिहिलं. पाडगावकर, खळे, अरुण दाते, सुधा मल्होत्रा. साध्या वरण-भातासारखं गाणं, कुणाला बाधत नाही. बुधवारपर्यंत त्या रकान्यात शुक्रताऱ्यांची रांग लागली. अपवाद अॅडमिनच्या साहेबांचा. संध्याकाळी सातनंतर मजल्यावरचे दिवे आणि एसी घालवत फिरणं हा त्यांचा नेम. त्यांनी 'मालवून टाक दीप' लिहिलं होतं. वाचून कुणी हसलंसुद्धा नाही. त्यांचं वीजबिलावरचं प्रेम सगळ्यांना ठाऊक होतं.

'आनंद' तरुण मंडळींनी परस्पर निकालात काढला. सगळ्यांचं 'झिंगाट', एकमेकांखाली कॉपी-पेस्ट. 'किळस'मध्ये गाणं कुठून आणायचं हे कुणालाच सुचेना. टेस्टिंगमधल्या एका पोराने तिथे आमच्या कंपनीचं गीत लिहिलं. जे वार्षिक समारंभात सगळ्यांना उभं राहून म्हणावं लागतं, ते. पाच मिनिटांत त्याला सुबुद्धी झाली आणि त्याने खोडलं. पण शेअर केलेल्या शीटमध्ये कुणी काय लिहिलं आणि कधी खोडलं याचा इतिहास शिल्लक राहतो. दुपारच्या चहापर्यंत तो सगळ्या मजल्याने वाचलेला होता. पोराच्या टेबलावर कुणीतरी भजीची प्लेट नेऊन ठेवली.

खरा निवांत होता तो आमचा बंगाली सहकारी. त्याने दोन मिनिटांत शीट भरून लॅपटॉप मिटला. प्रत्येक रकान्यात रवींद्रनाथ. 'गीतवितान'मध्ये त्यांनी स्वतःच आपली गाणी पूजा, प्रेम, प्रकृती, स्वदेश अशी लावून ठेवलीयत आणि गाणी दोन हजारांच्या वर आहेत, तेव्हा एचआरने भावना आणखी वाढवल्या तरी चालतील, असं तो म्हणाला. किळस मात्र त्यात मिळाली नव्हती. तिथे त्याने 'लागू नाही' असं लिहिलं होतं.

शुक्रवारी चारला आम्ही काचेच्या खोलीत जमलो. मध्ये टेबलावर डब्याएवढा ब्लूटूथ स्पीकर, बाजूला समोसे. नियम असा की गाणं दीड मिनिटच वाजवायचं. हा नियम करणाऱ्याने नाट्यसंगीत ऐकलेलं नसावं. पहिलीच पाळी माझी आली. मी शुक्रतारा लावला, दीड मिनिट सुखरूप पार पडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी थांबवायला बोट नेतो तोवर फोनने स्वतःच्या मर्जीने पुढचं गाणं चालू केलं : 'नाच रे मोरा'. माझा फोन रोज संध्याकाळी भाचीच्या ताब्यात असतो आणि गाण्यांच्या अॅपचं माझ्याविषयी असं मत झालंय की मी चार वर्षांचा आहे. "किती निरागस!" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग अकाउंट्समधले काका 'भीती' घेऊन उभे राहिले. 'आएगा आनेवाला'. 'महल', 1949, संगीत खेमचंद प्रकाश. "तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, माहित्येय का? कामिनी छापलं होतं. म्हणजे मधुबालाचं सिनेमातलं नाव!" ही माहिती ते इतक्या खुलवून सांगत राहिले की दीड मिनिट गाण्याआधीच संपलं. तरी त्यांनी लावलंच. सुरुवातीच्या त्या खोल, संथ ओळी काचेच्या खोलीत घुमायला लागल्या तसा प्रोजेक्ट मॅनेजर हळूच म्हणाला, "सोमवारी क्लायंट येतोय." भीतीचा अर्थ ज्यांना लागला नव्हता त्यांनाही लागला.

'दुःखा'त खरं तर चढाओढ होती. आपलं दुःख शेजाऱ्यापेक्षा जास्त अभिजात असावं असं प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे गझला, ग्रेस, एक फ्रेंच गाणं वगैरे प्रकार शीटमध्ये आले होते. पण डेटाबेसवाल्याने सरळ 'दमलेल्या बाबाची कहाणी' लावलं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं हे गाणं ज्याने ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. बाप ऑफिसातून उशिरा घरी येतो आणि पोर वाट बघून झोपून गेलेली असते. हे गाणं शुक्रवारी पावणेपाचला, रिलीजच्या संध्याकाळी, अर्ध्या बापांनी भरलेल्या खोलीत लावायचं नसतं. पहिल्या मिनिटात समोशांवरचे हात थांबले. प्रोजेक्ट मॅनेजर, जो रविवारी सकाळीसुद्धा मीटिंग लावतो, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि चष्मा पुसायला लागला. खूप वेळ पुसत होता. साहेब फोनमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं दाखवत होते, फोनचा स्क्रीन काळा होता. दीड मिनिटाचा नियम कुणाला आठवला नाही. आणि आवाज अगदी टिपेला लागलेला असताना गाणं तुटून एक तरतरीत बाई बोलायला लागल्या, गृहकर्जावर आकर्षक व्याजदर, आजच अर्ज करा! डेटाबेसवाला अॅपचे पैसे भरत नाही. पण जाहिरात कुणालाही खटकली नाही. उलट ती त्या दुःखाचंच दुसरं कडवं असल्यासारखी सगळ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतली.

पाच वाजून दहा मिनिटांनी माणसं एकेक करून बॅगा उचलायला लागली. रिलीज सोमवारवर गेला.

जे उरले त्यांच्यासमोर मॅडमनी रागाचा रकाना काढला. पांढरा होता, पण तळाशी एक नोंद दिसत होती. पुन्हा काकांचीच. 'विंचू चावला'. एकनाथांचं भारूड, शाहीर साबळ्यांच्या आवाजात. हे रागाचं कसं, असं मॅडमनी विचारल्यावर काका म्हणाले, "म्हणजे काय? विंचू कसला, तर काम-क्रोधाचाच की. नाथांनी स्वच्छ सांगितलंय." अख्ख्या शीटमधलं शास्त्राला धरून दिलेलं हे एकच उत्तर होतं. काकांनी लावलं आणि नीट ऐकू यावं म्हणून आवाज शेवटापर्यंत नेला.

ज्यांनी हे भारूड ऐकलंय त्यांना त्यातला तो आकांत ठाऊक आहे. 'अगगगग' असा सूर निघतो आणि दंश ऐकणाऱ्याच्या टाचेपर्यंत पोचतो. शेजारच्या खोलीत त्याच वेळी अमेरिकेतल्या क्लायंटचा व्हिडिओ कॉल चालू होता. आमच्याकडे काच आहे, भिंत नाही. पलीकडचे गोरे गृहस्थ बोलता बोलता थांबले, कान दिला आणि तिकडे सगळं ठीक आहे ना, कुणाला लागलंय का, असं काळजीने विचारलं. आमच्या टीम लीडने कॅमेरा बंद केला आणि इमारतीत फायर ड्रिल आहे असं सांगितलं. चहाचे मामा ट्रे घेऊन दारात उभे होते. एवढ्या सगळ्या कार्यक्रमात गाणं मनापासून, डोळे मिटून ऐकणारे ते एकटे. त्यांना शीट कुणी पाठवलीच नव्हती.

तुम्ही विचाराल, तुमचं खरं गाणं कोणतं? ते मी शीटमध्ये लिहिलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. माझी खात्री आहे की त्या खोलीतल्या कुणाचंच खरं गाणं स्पीकरपर्यंत आलं नाही. अपवाद फक्त काकांचा.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी निष्कर्ष सादर केले. एक रंगीत स्लाइड. आपल्या टीममध्ये प्रेम भरपूर असून त्यात कमालीचं एकमत आहे. रागाचं प्रमाण जवळजवळ शून्य आहे. ज्या एका सहकाऱ्याने राग नोंदवला आहे, त्यांच्यासाठी कंपनीने काळजीपूर्वक क्रोध नियंत्रणाची एक दिवसाची कार्यशाळा आखली आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, फोन बाहेर ठेवायचे, भोजनाची व्यवस्था आहे. तारीख 31 मार्च.

काकांनी तारीख वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. मग तिसाव्या वर्षी कंपनीत आलेल्या आणि आता निवृत्तीला टेकलेल्या त्या माणसाने आयुष्यात प्रथमच 'रिप्लाय ऑल' दाबलं : "वर्षअखेरीच्या दिवशी अकाउंट्सच्या माणसाला शांत कसं राहायचं ते शिकवणार असाल तर वर्ग माझ्या टेबलापाशी भरवा. येताना व्हाउचरं घेऊन या."