जप करावा, पण शेजाऱ्याच्या कानांनी

श्रावणात पुण्य कमवावे असे प्रत्येक मुंबईकराला वाटते. परंतु लोकल, कार्यालय आणि मुलांचे क्लास यांतून माळ हाती घ्यायला सवड कोणाला आहे? अशा गरजूंसाठी, आमच्या मुलुंडच्या सोसायटीने परवाच्या सोमवारी जो आदर्श घालून दिला त्याच्या आधारे, काही सूचना नम्रपणे सादर करीत आहे.

पहिले पथ्य असे की जप स्वतः करू नये. गायत्रीमंत्र मोबाइलच्या रिंगटोनला लावावा. चोवीस अक्षरांचे तीन चरण आणि त्यांतल्या शेवटच्या चरणात बुद्धीला प्रेरणा देण्याची विनंती. तिथवर पोहोचण्याआधी आपण फोन उचलतोच, त्यामुळे सविता देवतेलाही नसती तसदी पडत नाही.

लिफ्टमध्येही मंत्र हवाच, कारण दोन मजल्यांपुरते मौन पाळणे धर्माला धरून नाही.

खरे पुण्य मात्र अखंड जपात आहे. त्यासाठी वर्गणी काढावी, पत्र्याच्या शेडखाली पिंड मांडावी, सभासदांच्या तासातासाच्या पाळ्यांचा तक्ता फळ्यावर लावावा, दोन कर्णे समोरच्या इमारतीकडे वळवावेत आणि ‘नमः शिवाय’ ही रुद्राध्यायातली पाच अक्षरे पेन ड्राइव्हच्या स्वाधीन करून, आपापल्या घरी खिडक्या घट्ट लावून, एसी चालू करून झोपी जावे. मी अडीच वाजता खाली गेलो तेव्हा शेडखाली जागा असा एकही जीव नव्हता. खुर्चीत वॉचमन घोरत होता, पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता आणि तक्त्यावर ज्यांचे नाव त्या तासाला लिहिले होते, त्यांच्या घरात काळोख होता. सकाळी आयोजकांना विचारले, तर उत्तर मिळाले, ‘‘काका, देवाचंच तर नाव आहे, त्याचा कुणाला त्रास होतो का?’’ होतो! रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला होतो, छातीच्या शस्त्रक्रियेनंतर नुकत्याच घरी आलेल्या आजोबांना होतो, आणि ज्याचे नाव घेतल्याचा तुमचा दावा आहे त्यालाही होत असावा, कारण त्याला तर खिडकी लावून घेण्याचीही सोय नाही.

शास्त्राची अडचण येईल, तिकडे दुर्लक्ष करावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञाहून जपयज्ञ दहापट, जवळच्यालाही ऐकू न जाणारा उपांशू जप शंभरपट आणि मनातल्या मनात केलेला मानस जप हजारपट श्रेष्ठ ठरवला आहे. आपल्या आजीआजोबांची पिढी तर माळसुद्धा गोमुखीत झाकून ओढत असे, जेणेकरून मोजणी कोणाच्या दृष्टीस पडू नये. आपण ‘सव्वा लाख जप संपन्न’ असा फलक फाटकावर लावावा आणि त्यावर पिंडीपेक्षा मोठे फोटो आपले छापावेत.

कायद्याचेही तसेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून लागू आहेत. त्यांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. तक्रारीचा फोन केल्यावर पुढे काय होते, हे मुंबईच्या वाचकाला सांगायला नको.

आता सूचना पुरे झाल्या. तुम्ही केलात तो जप नव्हे. शेजाऱ्यांची झोप मोडून वर स्वतःच्या नावाने फाडलेली ती पुण्याची पावती होती, आणि तुमच्यापैकी एकालाही त्याची लाज वाटली नाही. एक तास! तक्त्यावर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त एक तास होता, आणि तेवढा वेळही पिंडीसमोर बसणे तुम्हाला जड गेले. पुढच्या सोमवारी अखंड जप करायचा असेल, तर सतरंजी घाला, खाली येऊन बसा आणि स्वतःच्या तोंडाने, स्वतःला ऐकू येईल एवढ्याच आवाजात करा. तेही जमणार नसेल, तर निदान कर्णा बंद करा आणि मग झोपा.