क्वीन्सटाउनला सात रात्री राहून फियॉर्डलंड नीट पाहता येत नाही

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आठवडाभर गाडीने फिरायचं म्हटलं की प्रवासाच्या गटांमध्ये एक सल्ला हमखास पुढे येतो. त्याचा आशय असा: क्वीन्सटाउनला सातही रात्री एकच हॉटेल घ्या आणि रोज सकाळी तिथून गाडी काढा. मिलफर्ड साउंड हा फियॉर्डलंडमधला फियॉर्ड (उंच कड्यांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, जी बोटीतून पाहतात) चार तासांवर आहे, एका दिवसात होतं. पाऊस असला तर त्या दिवशी जाऊ नका. डाउटफुल साउंड आणि स्टुअर्ट बेटही गाडीनेच करून टाका. मे असो की दिवाळी, सुटी मिळेल तेव्हा जा, बुकिंग तिथे पोचल्यावर होतं.

रोज बॅगा भरायचा त्रास वाचावा, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण या सल्ल्यावर आखलेल्या सहलीत आठवडा गाडीत जातो आणि जे पाहायला आलो ते घाईघाईत उरकावं लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

«मुक्काम क्वीन्सटाउनलाच ठेवा»

क्वीन्सटाउन ते मिलफर्ड हे अंतर सरळ रेषेत जेमतेम 70 किलोमीटर आहे, पण मधल्या डोंगरांतून रस्ता नाही. गाडी आधी वाकाटिपू तळ्याच्या काठाने दक्षिणेला किंग्स्टनपर्यंत जाते, मग पश्चिमेला ते आनाऊ (Te Anau) हे गाव गाठते आणि तिथून पुन्हा उत्तरेला चढते. हा वळसा सुमारे 290 किलोमीटरचा होतो. त्यातले 171 किलोमीटर ते आनाऊपर्यंतच संपतात. डाउटफुलची बोट मानापोरीहून सुटते, ते गाव ते आनाऊपासून 20 किलोमीटरवर. स्टुअर्ट बेटाची बोट पार दक्षिण टोकाच्या ब्लफहून.

क्वीन्सटाउनहून या तिन्ही जागांच्या वेगवेगळ्या फेऱ्या केल्या तर साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालते. तेच क्वीन्सटाउन, ते आनाऊ, ब्लफ आणि परत क्वीन्सटाउन असं वर्तुळ केलं, त्यात मिलफर्डची जाऊन-येऊन फेरी धरली, तरी नऊशेच्या आत काम होतं. रात्रींची वाटणी अशी ठेवा: पहिली क्वीन्सटाउनला, मग ते आनाऊला तीन, स्टुअर्ट बेटावर दोन आणि शेवटची पुन्हा क्वीन्सटाउनला. बॅगा तीनदाच हलवाव्या लागतात. पहिल्या दिवशी वेळ उरला तर तळ्याच्या काठाने ग्लेनॉर्कीपर्यंत 46 किलोमीटर जाऊन यावं. वाकाटिपूचं उत्तर टोक तिथे आहे.

«मिलफर्ड एका दिवसात होतं»

होतं, पण कसं ते पाहा. चार तास म्हणजे कुठेही न थांबता लागणारे चार तास. जाऊन-येऊन आठ, बोटीचे दोन, थांबे दोन. अंधार पडल्यावर थकलेला चालक अनोळखी घाटात गाडी चालवतोय, असा हा हिशेब आहे. त्यात क्वीन्सटाउनहून निघालेल्या बसही दुपारीच पोचतात, त्यामुळे सगळ्यात गर्दीची बोट आपल्या वाट्याला येते.

ते आनाऊहून मिलफर्ड 119 किलोमीटर, न थांबता दोन तास. खरी मजा या टप्प्यातच आहे, म्हणून साडेतीन तास हाताशी ठेवा. एग्लिंटन खोऱ्याचं सपाट गवताळ मैदान, मिरर लेक्स, गन तळं, मग 532 मीटर उंचीवरची डिव्हाइड खिंड. पाय मोकळे करायचे असतील तर इथूनच ‘की समिट’ या शिखराची वाट सुटते, जाऊन-येऊन तीन तास. एक तर सकाळी सातच्या आत निघून लवकरची बोट घ्या, नाही तर रमतगमत जाऊन दुपारी तीननंतरची. भर दुपारची सोडा.

निघण्यापूर्वी ते आनाऊमध्ये टाकी पूर्ण भरा, डबा घ्या आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. गाव मागे पडलं की मोबाइलची रेंज जाते.

होमर बोगद्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. 1954 साली खुला झालेला हा बोगदा सुमारे 1.2 किलोमीटर लांब आणि अरुंद आहे आणि मिलफर्डच्या दिशेने दहास एक या उताराने खाली जातो. गर्दीच्या काळात सिग्नलवर एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात, तेव्हा थांबावं लागू शकतं. आत शिरताना दिवे लावा, गॉगल काढा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा. तोंडाशी किआ पोपट गाडीवर येऊन बसतात आणि काचेभोवतीचं रबर चोचीने उपटतात. त्यांना खायला देऊ नका. दिलं की ते रस्त्यावर रेंगाळतात आणि गाड्यांखाली मरतात.

डावीकडून गाडी चालवायची असल्याने आपल्याला सोपं जातं. चूक होते ती एकपदरी पुलांवर. लाल कडेची गोल पाटी आणि आपल्या बाजूचा बाण छोटा, लाल असेल तर आपण थांबायचं. निळी पाटी आणि आपला बाण मोठा, पांढरा असेल तर आधी आपण. पुलापाशी आधी कोण पोचलं याला महत्त्व नाही.

मिलफर्डला पार्किंगचे पैसे पडतात आणि तिथून धक्क्यापर्यंत चालावं लागतं. बोटीच्या वेळेआधी पाऊण तास पोचा.

«पाऊस असेल तर जाऊ नका»

या सल्ल्याने सर्वाधिक नुकसान होतं. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरपेक्षाही जास्त. फरक असा की महाबळेश्वरचा पाऊस बहुतेक चार महिन्यांत पडून जातो, इथला वर्षभर पडत राहतो. कोरड्या दिवसाची वाट बघत आठवडा घालवणं परवडत नाही.

शिवाय पावसातच हा फियॉर्ड खुलतो. बोवेन आणि स्टर्लिंग हे दोन मोठे धबधबे बारमाही, बाकी शेकडो फक्त पावसात जन्माला येतात. हिमनदीने खरवडलेल्या या उभ्या कड्यांवर माती नावापुरतीच, त्यामुळे पाणी मुरत नाही, सरळ कोसळतं. पाऊस थांबल्यावर काही तासांत बहुतेक धारा आटतात. बोटी पावसातही जातात, छोटी विमानं मात्र रद्द होतात. फक्त विमानाचंच तिकीट काढून ठेवू नका. रेनकोट छत्रीपेक्षा कामाचा. सँडफ्लाय हे चावरे चिलट वारा पडला की तुटून पडतात. पूर्ण बाह्या आणि कीटकरोधक मलम हवंच.

अडचण होते ती अतिवृष्टीत दरड कोसळून रस्ता बंद झाल्यावर. म्हणूनच ते आनाऊच्या तीन रात्री. सकाळी रस्त्याची स्थिती पाहा. मिलफर्ड बंद असेल तर त्या दिवशी डाउटफुल करता येतं का ते विचारा. तारीख बदलून मिळेल अशीच तिकिटं घ्या.

«डाउटफुल आणि स्टुअर्टही गाडीने»

दोन्हीकडे आपली गाडी जातच नाही. डाउटफुलसाठी मानापोरी तळं बोटीने ओलांडायचं, मग कंपनीच्या बसने 22 किलोमीटरचा विल्मट खिंडीचा रस्ता, मग फियॉर्डातली दुसरी बोट. हा रस्ता जलविद्युत प्रकल्पाची यंत्रसामग्री नेण्यासाठी बांधलेला आहे आणि बाकीच्या रस्त्यांना जोडलेला नाही. मानापोरीहून सात-आठ तास लागतात. मिलफर्ड पाहिल्यावर हे कशाला, असं वाटत असेल तर ऐका: डाउटफुल सुमारे 40 किलोमीटर लांब आहे, मिलफर्डच्या अडीचपट, आणि तिथे बोटी मोजक्याच. मध्ये इंजिन बंद करतात तेव्हा फक्त पाणी आणि पक्षी ऐकू येतात.

स्टुअर्ट बेटासाठी गाडी ब्लफला ठेवा. बोट फक्त माणसं नेते आणि फोवो सामुद्रधुनी तासाभरात ओलांडते. समुद्र खवळलेला असतो. उलटीची गोळी चढण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, डोलायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. बेटावर रस्ते मिळून तीसेक किलोमीटरच आहेत, ओबान गाव पायी होतं. सहाव्या दिवशी गोल्डन बेहून छोट्या बोटीने उल्वा बेटावर जा. तिथले उंदीर 1990च्या दशकात संपवले, म्हणून पक्षी जमिनीवर निर्धास्त फिरतात. चढण्यापूर्वी पिशव्या उघडून आणि बुटांचे तळ पाहून घ्या. एक उंदीर किंवा चिकटलेलं बी पुरतं.

«सुटी मिळेल तेव्हा जा»

मिलफर्ड रस्त्यावर हिमकडे कोसळण्याचा काळ साधारण मे ते नोव्हेंबर. आपली मेची सुटी आणि दिवाळी, दोन्ही त्याच्या दोन टोकांना. मेअखेरीस सकाळी आठनंतर उजाडतं आणि पाचच्या सुमारास मावळतं. जाऊ नये असं नाही, पण पाटी सांगेल तेव्हा चाकांच्या साखळ्या गाडीत असाव्याच लागतात. त्या ते आनाऊला भाड्याने मिळतात.

घेतानाच एकदा बसवून पाहा. पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी असेल तर साखळी पुढे, हँडब्रेक लावून, सपाट जागी. आकडे अडकवले की काही मीटर पुढे जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा, कारण पहिल्या फेऱ्यांत ती हमखास सैल होते. सैल साखळी सुटून ब्रेकच्या नळीवर आपटते. वेग ताशी 40च्या खाली ठेवा, बर्फ संपला की काढा. हिमकड्यांच्या पट्ट्यात ‘थांबू नका’ पाटी दिसली की फोटोसाठीसुद्धा थांबायचं नाही.

नाताळ ते जानेवारी हवा उत्तम आणि साडेनऊपर्यंत उजेड, पण ते आनाऊ आणि ओबान भरलेलं असतं. तेव्हा आधी ओबानची खोली, मग ब्लफची बोट, मग डाउटफुल, शेवटी मिलफर्ड या क्रमाने बुक करा. सर्वांत कमी जागा असतात तिथपासून सुरुवात करा.

वाहन परवाना इंग्रजीत नसेल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फराळ, मसाले, मातीचे बूट हे सगळं न्यूझीलंडच्या प्रवेश-अर्जात लिहा. धोकादायक वस्तू न सांगता नेल्यास जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. सांगितल्यास फार तर ती वस्तू काढून घेतात.

पाचव्या दिवशी ते आनाऊहून आठला निघा, तुआतापेरे आणि रिव्हर्टनमार्गे किनाऱ्याने ब्लफपर्यंत दोनशेहून थोडे जास्त किलोमीटर आहेत. दुपारच्या बोटीआधी जेवायला वेळ मिळतो. सातव्या दिवशी मात्र सकाळची बोट पकडा, समुद्र बिघडून फेरी रद्द झाली तरी दुपारची हाताशी राहते, आणि परतीचं विमान आठव्या दिवशी ठेवा.